तिसरीत आहे, वाचता येत नाही: जिल्हा परिषदेतच ठेवायचं की खासगीत घालायचं?

मार्च लागला की आमच्या तालुक्याच्या गावात प्रवेशाचे फ्लेक्स झळकतात. ज्या घरातलं पोर मागे पडलंय, तिथे मग रात्री जेवताना हाच विषय निघतो. यंदा माझ्या बहिणीकडे निघाला. भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीत. शेजारची पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी माध्यमाला जातात.

मी तिला म्हटलं, आधी तो अडतो कुठे ते बघू. 'असर' ही गावोगावच्या मुलांना किती वाचता येतं, गणित येतं हे बघणारी पाहणी. तिच्यात अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात. बालभारतीचं पुस्तक घेऊन ते घरीही जमतं. भाचा सुटे शब्द वाचायचा, परिच्छेदात अडखळायचा. म्हणजे ज्या भाषेत तो दिवसभर भांडतो, त्याच भाषेत तो वाचताना अडतो. त्यावर दुसरी लिपी आणि घरात कोणी न बोलणारी भाषा लादायची? शाळा बदलणं एक, माध्यम बदलणं दुसरं. आपण दोन्ही एकाच पिशवीत घालतो.

शिकवण्याचं म्हणाल तर जिल्हा परिषदेचे गुरुजी डी.एड. झालेले असतात, पण निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती यांत त्यांचे दिवस जातात. शाळा द्विशिक्षकी असेल तर एकेकाकडे दोन-दोन वर्ग. खासगीत रोज गृहपाठ, तपासलेल्या वह्या, शिस्त. हे खरंच बरं वाटतं. मात्र तुटपुंज्या पगारामुळे वर्षाच्या मध्येच बाई बदलतात, आणि गृहपाठ शेवटी घरी कोण घेणार? बहुतेक घरांत उत्तर एकच, शिकवणी. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. दोन्हीकडे वर्गात डोकावून डोकी मोजा.

पैशांत तर तुलनाच नको. इकडे पुस्तकं आणि पोषण आहार मोफत. तिकडे फी, गाडी, ठरावीक दुकानातला गणवेश, वर ती शिकवणी. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब, वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांची आशा धरू नका, तो प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, तिसरीत नाही. गेलातच तर यंदाची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केली आहे का, हे विचारा. २०११ च्या शुल्क कायद्याने तो प्रश्न विचारता येतो.

परतीचा रस्ता मात्र उघडा असतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

बोलायला चुणचुणीत, पण अक्षरं उलटी काढतो, फळ्यावरचं उतरवायला तासभर लावतो, असं मूल असेल तर शाळा बदलून काही हाती लागणार नाही. आधी तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात येणाऱ्या अडचणीसाठी, स्वतंत्र क्लिनिक आहे. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

मी स्वतः कधी हलवीन? मूल रोज सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, मारहाण होत असेल किंवा चारही वर्ग एकाच गुरुजींकडे असतील, तर त्याच आठवड्यात. पण जवळची अनुदानित मराठी शाळा आधी बघीन. संस्था खासगी, फी नाममात्र, माध्यम तेच. फ्लेक्स लावत नाही म्हणून तिची आठवण कोणाला होत नाही.

भाचा सध्या आहे तिथेच आहे. बहीण गुरुजींना जाऊन भेटली, दुपारच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं वेगळं वाचन घ्यायचं ठरलं. संध्याकाळी आजोबा त्याच्याकडून पेपरातले मथळे वाचून घेतात. जोडाक्षरं अजून अडतात. दिवाळीनंतर पुन्हा तोच परिच्छेद पुढे ठेवून बघणार आहोत.