अंदमानच्या तिकिटांवरचा तो मोबाइल नंबर आणि आमचे 1,38,500 रुपये

दिवाळीच्या सुट्टीत अंदमान दाखवतो म्हणून एका टूरवाल्याने आम्हाला 1,38,500 रुपयांना बुडवलं. आगाऊ 25,000, विमानाचे 71,500, हॉटेल आणि बेटांवरच्या बोटींचे 42,000. जाणारे चौघं होतो, मी, नवरा, सासरे आणि चौथीतली लेक. ज्यांचं नाताळचं किंवा मे महिन्याचं बुकिंग चालू आहे त्यांनी हे वाचाच.

पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. फेसबुकवर जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर गोड बोलणारा माणूस, 'ताई, शेवटच्या चारच सीट्स राहिल्यात'. मलाही ठाऊक होती. निम्म्या भावाच्या जाहिरातींना मी कधी भुललेली नाही आणि हे पॅकेज स्वस्त नव्हतंच, बाकीच्यांच्या भावात मधलं होतं. त्याने आम्हाला धरलं ते वेगळ्या जागी. मराठी घरात अंदमान म्हटलं की आधी सावरकर आठवतात, समुद्र नंतर. सासरे 74 वर्षांचे, सेल्युलर जेलमधली ती कोठडी डोळ्यांनी पाहायची त्यांची जुनी इच्छा. हे त्याने पहिल्याच फोनवर माझ्याकडून काढून घेतलं. मग 'आजोबांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवतो, लाइट अँड साउंड शोला पुढच्या खुर्च्या घेतो'. लेकीसाठी एलिफंट बीचवरचा, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात तो व्हिडिओ. पोरीचं ते वर्गात सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

तपासलं का नाही, असं मला कुणी विचारू नका. तिकिटं आल्या आल्या विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून बघितला होता. पुणे ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, चौघांची नावं बरोबर, कन्फर्म. खरी तिकिटं होती ती! खरी काढायची, गिऱ्हाइकाला एकदा बघू द्यायची आणि रद्द करून टाकायची. परतावा बुकिंग करणाऱ्याकडे जातो, प्रवाशाकडे नाही.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगते. तिकिटाच्या पीडीएफवर प्रवाशांच्या नावांखाली संपर्काची बारीक ओळ असते. आमच्या तिकिटावर तिथे ईमेल त्याचा होता आणि मोबाइल नंबरचे शेवटचेच आकडे दिसत होते, 46. माझा नंबर 09 ने संपतो, नवऱ्याचा 71 ने. नवऱ्याने विचारलंसुद्धा, हा कुणाचा? मी लगेच फोन लावला. 'ताई, ऑफिसचा आहे. विमानाची वेळ बदलली तर मेसेज आम्हाला यायला हवा ना, तुम्ही कुठे बघत बसणार?' पटलं. कुणालाही पटलं असतं, चांगले एजंटही असंच करतात. पण तिथे अडून बसले असते, माझा नंबर घातल्याशिवाय एक रुपया देणार नाही म्हणाले असते, तर तिकीट रद्द झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला असता. त्याने 42,000 मागितले तेव्हा तिकिटं रद्द होऊन आठवडा झाला होता. आठवडा! दोन आकड्यांवरून नजर फिरली आणि 42,000 गेले. तुमचं तिकीट आत्ता उघडा, ती ओळ बघा.

71,500 मध्ये त्याने माणशी 500 प्रमाणे 2,000 रुपये 'बेट परवाना' म्हणून लावले होते. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलला जायला असला परवाना लागतच नाही. कुणी मागितला तर तिथेच फोन ठेवा. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 24 ने सुरू होणारा. 24 म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा 27 असतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव समोर येतं. आधार कार्डांचे फोटोही देऊ नका, तिकीट काढायला नावं आणि वय पुरतं. आमची चार कार्डं आज त्या माणसाकडे आहेत.

वेब चेक-इन करायला बसलो तेव्हा उघडकीला आलं. त्याचा फोन बंद. लेकीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, वरच्या कप्प्यात पोहायचा गॉगल. तिला काय सांगायचं?

आणि मग एकेक दार ठोठावलं. विमान कंपनी म्हणते परतावा एजंटला दिला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पुढे शांतता. पोलीस ठाण्यात गेलो तर 'सायबरला जा'. सायबरला गेलो तर 'आधी तुमच्या ठाण्यातून या'. परत ठाण्यात, तर साहेब म्हणतात सहल झाली नाही म्हणजे सेवेतली त्रुटी, ग्राहक आयोगाकडे जा. तिकीट दाखवून, रद्द करून, वर आणखी पैसे घेणं ही त्रुटी? मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 कशाला ठेवलंय? खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही, हेही ऐकवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी तसं म्हणाले तर 'तुम्ही वकील आहात का?' सासरे तोवर बाहेर बाकड्यावर बसलेले. म्हातारा माणूस, पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आम्ही भीक मागायला गेलो नव्हतो, आमच्या कष्टाचे पैसे होते.

शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतल्याशिवाय हलले नाही, वर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला, तेव्हा गुन्हा दाखल झाला. त्या खात्यात गोठवता आले 4,312 रुपये. बाकीचे पुढच्या खात्यांत पळाले.

पैसे देताना शक्य असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, निदान बँकेकडे वाद घालायला जागा राहते. टूरवाल्याच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव स्क्रीनवर आलं तर पैसे पाठवू नका. आणि पीएनआर एकदा बघून गप्प बसू नका, प्रत्येक हप्ता देण्याआधी पुन्हा टाकून बघा, आजच बघा.