गूगलचा ‘टेक्निकल रायटिंग वन’: वाक्यं सुधारतात, सलगता वेगळी शिकवावी लागते

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवणाऱ्यांनी हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम जरूर वापरावा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नये. शब्द, कर्तरी प्रयोग, छोटी वाक्यं, याद्या-तक्ते, परिच्छेद, वाचक असे सुटसुटीत धडे आहेत आणि सोबत सराव आहे. वर्ग घेणाऱ्यांसाठीचं साहित्यही मोफत मिळतं.

सगळ्यात उपयोगी धडा शब्दांचा. एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव द्या, असं तो सांगतो. अहवालातला ‘सेन्सर’ पुढच्या ओळीत ‘उपकरण’ आणि मग ‘युनिट’ झाला की वाचक तीन वस्तू शोधू लागतो. निबंधात शब्द बदलत राहण्याची लागलेली सवय इथे मोडावीच लागते.

कमी पडतो तो वाक्यांमधला सांधा. परिच्छेदाच्या धड्यात पहिल्या वाक्यात मुद्दा आणि एका परिच्छेदात एकच विषय हे नीट येतं. पण आधीच्या वाक्यात आलेल्या गोष्टीपासून पुढचं वाक्य सुरू करावं आणि नवी माहिती शेवटी ठेवावी, यावर वेगळा सराव हवा होता. त्यात कर्तरी प्रयोगाचा आग्रह विद्यार्थी शब्दशः घेतात. ‘सेन्सर तापमानाचं वाचन पाठवतो’ यानंतर ‘हे वाचन फिल्टर गाळतो’ असं मराठीत कर्म पुढे आणून सहज लिहिता येतं. इंग्रजीत ‘हे वाचन’ वाक्याच्या सुरुवातीला हवं असेल तर बहुधा कर्मणी प्रयोगच लागतो, आणि अशा जागी तो योग्यच असतो. अभ्यासक्रमही कर्तरी बहुतेक वेळा वापरा म्हणतो, नेहमी नव्हे. हे वर्गात ठासून सांगावं.

ही उणीव भरायला २० मिनिटं पुरतात. विद्यार्थ्याच्याच प्रयोग-अहवालातला सहा वाक्यांचा परिच्छेद घ्या, वाक्यांच्या पट्ट्या कापा, पिसा आणि जोडीदाराला क्रम लावायला द्या. दोन पट्ट्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर बहुधा तिथे दुवा नाही. मग प्रत्येक वाक्याचे पहिले तीन-चार शब्द अधोरेखित करायला सांगा; विषय कुठे उडी मारतो ते डोळ्यांना दिसतं. दुवा म्हणून नुसतं ‘म्हणून’ किंवा ‘तथापि’ चिकटवू देऊ नका. कारण लिहिलेलंच नसेल तर ‘म्हणून’ काहीही जोडत नाही. ‘यामुळे’ आलं की ‘कशामुळे?’ विचारा आणि ते नाम लिहून घ्या.

पुढचा भाग, ‘टेक्निकल रायटिंग टू’, स्वतःचा मसुदा तपासणं आणि मोठ्या दस्तऐवजाची मांडणी शिकवतो. प्रकल्प-अहवालाचा पहिला मसुदा हातात आल्यावरच तो द्यावा.