रात्री आठनंतर टीव्हीवर काय लावावं? चार पर्याय, एक घर

माझ्या मैत्रिणीची आई दिंडोरी तालुक्यातला मळा सोडून लेकीकडे नाशिकच्या सिडकोत राहायला आली. सकाळ देवपूजेत जाते, दुपारी डोळा लागतो, उन्हं उतरली की सोसायटीच्या बाकावर जरा गप्पा होतात. दिवेलागणीनंतर मात्र मावशींना घर खायला उठतं. मैत्रीण मला म्हणाली, "आईला रोज बघता येईल असं काहीतरी सांग. आणि मलाही तिच्याशेजारी बसवेल असं सांग." हे दुसरं वाक्य तिने सहज जोडलं, पण सगळा निर्णय तिथेच अडतो. म्हाताऱ्या माणसाला टीव्ही लावून देणं सोपं आहे. त्याच्याजवळ बसून तासभर बघवेल असं काही शोधणं अवघड आहे.

आमच्या इंदिरानगरच्या घरात हा प्रश्न रोजचाच आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुलगी दहावीत, नवरा अंबडच्या कारखान्यात पाळीवर आणि टीव्ही एकच. सध्या आम्ही आलटून पालटून चार गोष्टी बघतो: स्टार प्रवाहवरची 'ठरलं तर मग', झी मराठीवरची 'लक्ष्मी निवास', सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आणि रविवारी 'पंचायत'. मैत्रिणीला सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. आई, सासू किंवा सासरे घरी असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

आधी दोन मालिकांबद्दल, कारण खरी ओढाताण त्यांच्यातच आहे. 'ठरलं तर मग' डिसेंबर 2022 पासून चालू आहे. 'लक्ष्मी निवास' 23 डिसेंबर 2024 ला सुरू झाली, तीही आठ ते नऊ अशी सलग तासभर. तेव्हा 'ठरलं तर मग' साडेआठला लागायची. म्हणजे अर्धी 'लक्ष्मी निवास' बघायची आणि ऐन रंगात आली की वाहिनी बदलायची. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "एक काय ते ठरवा, नाहीतर दोन्ही घरची माणसं माझ्या डोक्यात गोंधळ घालतात."

'ठरलं तर मग'चं मूळ तमिळमध्ये आहे, 'रोजा' नावाच्या मालिकेत. सायली (जुई गडकरी) आश्रमात वाढलेली मुलगी. तिला सांभाळणाऱ्या मधुभाऊंवर खुनाचा आळ येतो. वकील अर्जुन सुभेदार (अमित भानुशाली) तिच्याशी कराराचं लग्न करतो आणि खटला लढवतो. शिवाय सायलीचे खरे आईवडील कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, तिला नसतं, आणि तिच्या जागेवर दुसरीच मुलगी लेक म्हणून वावरत असते. रोजच्या मालिकेसाठी ही रचना भक्कम आहे. कोर्टाची एक गाठ आणि घरातली एक गाठ अशा दोन्ही एकाच वेळी आवळलेल्या असल्याने एक ढिली पडली तरी दुसरी माणसाला धरून ठेवते. सासूबाई पदर सावरून पुढे सरकून बसतात ते याच मालिकेला.

दोषही त्याच रचनेतून आला आहे. एका खुनाचा खटला दोन वर्षांहून जास्त चालला. पुरावा हाती येतो, हरवतो, पुन्हा सापडतो, ऐन वेळी साक्षीदार फिरतो. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की साधारण बावीस मिनिटं उरतात. त्यातली काही मागच्या भागाच्या आठवणीत जातात आणि काही प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीनदा फिरणाऱ्या कॅमेऱ्यात. मला याचा राग येतो, कारण कलाकार मेहनत घेत असतात आणि त्यांच्या वाट्याला रोज एकच प्रसंग येतो. पण मावशींच्या बाजूने पाहिलं तर हाच संथपणा उपयोगाचा आहे. त्यांना कमी ऐकू येतं, मधे उठून गोळ्या घ्यायच्या असतात, गावाकडून फोन येतो. चार दिवस चुकले तरी पाचव्या दिवशी कथा जवळपास तिथेच भेटते.

आणि रोज भेटणाऱ्या माणसांचा जीव लागतो, त्याला काही इलाज नाही. पूर्णा आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मध्ये गेल्या. त्या संध्याकाळी सासूबाईंनी टीव्ही लावू दिला नाही. देवाजवळ दिवा लावला आणि लवकर झोपल्या. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्या वयाची बाई पडद्यावर रोज त्यांच्याच समोर बसत होती.

'लक्ष्मी निवास'चा विषय मला जास्त जवळचा आहे. लक्ष्मी (हर्षदा खानविलकर) आणि श्रीनिवास (तुषार दळवी) या जोडप्याने मुलाबाळांचं करता करता उमेद घालवली, आता त्यांना स्वतःचं एक घर हवं आहे. कमावती मुलं आहेत, पण आईवडिलांसाठी पैसे काढायची वेळ आली की सगळ्यांचे हात आखडतात. पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं इतकं खरं होतं की आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नव्हतं. ताटात भाकरी तशीच राहायची.

त्याच दिवसांत सासूबाईंनी पहिल्यांदा पंचवटीतल्या त्यांच्या भाड्याच्या वाड्याबद्दल सांगितलं. दोन खोल्या, सामाईक नळ, गोदेला पूर आला की सामान माळ्यावर चढवायचं. सासऱ्यांनी इंदिरानगरचं हे घर घेतलं तेव्हा कर्जाच्या पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी पाटल्या मोडल्या होत्या. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. नवऱ्यालाही नव्हती. पडद्यावरच्या लक्ष्मीने दागिन्याचा डबा उघडला आणि या घरातला डबाही उघडला. म्हणून ही मालिका कितीही भरकटली तरी मी तिला वाईट म्हणू शकत नाही.

ती भरकटली मात्र आहे. घराचं स्वप्न मागे पडलं आणि लेकींच्या संसारांनी जागा व्यापली. त्यातला जान्हवी आणि जयंतचा भाग नीट समजून बघायला हवा. जयंत श्रीमंत आहे, गोड बोलतो, बायकोवर जीव टाकतो. पण ती कुणाशी बोलली, कुणाकडे पाहून हसली, याचा तो हिशेब ठेवतो आणि प्रेमाच्या नावाखाली तिला शिक्षा देतो. मालिका त्याला विकृत म्हणूनच दाखवते, हे खरं. तरी अशी दृश्यं रोज, लांबवून, हळुवार संगीतासकट दिसत राहिली की सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात काय बसेल, याची मला काळजी वाटते. एकदा लेक म्हणाली, "आई, पण तो तिच्यासाठी किती करतो ना!" मी तिथेच आवाज बंद केला. तिला म्हटलं, जो तुझा फोन तपासतो आणि मैत्रिणी तोडतो, तो तुझ्यासाठी काहीही करत नाहीये. सासूबाई मधेच बोलल्या, "आमच्या वेळी याला 'नवरा फार जपतो' म्हणायचे. पोरगी वाळून जायची." त्या रात्री आम्ही तिघी बराच वेळ बोलत बसलो. म्हणून ही मालिका तरुण मुलीबरोबर बघायला माझी हरकत नाही. फक्त तिला एकटीला बघू देऊ नका.

मावशींसाठी मला वेगळीच शंका आहे. ज्या बाईने नुकताच स्वतःचा उंबरठा सोडला आहे, द्राक्षबाग पुतण्याच्या हवाली केली आहे, तिला रोज रात्री घरासाठी झुरणारे म्हातारा-म्हातारी दाखवावेत का? लेक शेजारी असेल, तर मन मोकळं होईल. लेक स्वयंपाकघरात ओटा आवरत असेल आणि मावशी एकट्या बघत असतील, तर ते दुखणं वाढेल. दोन्ही मालिकांमधला फरक मला इथे दिसतो. 'ठरलं तर मग' एकट्या माणसालाही सोबत करते. 'लक्ष्मी निवास'ला मात्र शेजारी माणूस लागतं.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 पासून आहे, सोनी मराठी वाहिनी आली त्याच ऑगस्टपासून. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांच्या या कार्यक्रमाला मागचं-पुढचं काही लागत नाही. एक प्रहसन सुरू होतं आणि संपतं. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी सासूबाईंना हसू फुटतं. नम्रता संभेराव सोंग घेऊन आली की नवरासुद्धा फोन खाली ठेवतो. त्याची दुसरी पाळी असते तेव्हा तो रात्री उशिरा जेवायला बसतो आणि यूट्यूबवर एखादं प्रहसन लावतो. ताट संपेपर्यंत तेही संपतं. सगळेच भाग सारखे जमत नाहीत. काही प्रहसनं नुसत्या आरडाओरड्यावर ओढून नेलेली असतात. जाड माणसावर, काळ्या रंगावर केलेले विनोद मला अजूनही खटकतात आणि लेकीला तर जास्तच. पण शोकातून उठणाऱ्या घरात पहिलं हसू यायला याइतकं सोपं काही नाही. याची गाठ कुणाच्या मनात राहत नाही, दुसऱ्या दिवशी त्यावर फारसं बोलणंही होत नाही.

आता 'पंचायत'. ही हिंदी आहे, प्राइम व्हिडिओवर आहे आणि हप्त्याने पैसे भरावे लागतात, म्हणून अनेक घरांत ती मुलांच्या फोनपुरतीच राहते. ती टीव्हीवर लावा असं मी आग्रहाने सांगेन. पहिला हंगाम टाळेबंदीत, 3 एप्रिल 2020 ला आला आणि चौथा जून 2025 मध्ये. प्रत्येकात आठच भाग. फुलेरा हे गाव गोष्टीत उत्तर प्रदेशातलं आहे, पण चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडियात झालं. शहरातला एक मुलगा ग्रामपंचायतीचा सचिव होऊन तिथे येतो. गावची प्रधान कागदावर मंजूदेवी (नीना गुप्ता), पण कारभार बघतो तिचा नवरा (रघुवीर यादव).

हे आपल्याकडच्या कुणाला नवीन आहे? महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि 'सरपंचपती' हा शब्द निफाड-दिंडोरीत पोरासोरांनाही माहीत आहे. सासूबाईंना हिंदी सगळी कळत नव्हती, पण पंचायतीतली खुर्ची, पाण्याच्या टाकीवरून होणारं राजकारण, लग्नघरातले रुसवेफुगवे हे सांगावं लागलं नाही. भाग पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट आहे. लेखन या चौघांत सगळ्यात सरस आहे, त्यात मला शंका नाही. दुसऱ्या हंगामाला 2023 मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता. शिव्या आहेत, अधूनमधून येतात. आमच्याकडे त्या वेळी सगळे भिंतीकडे बघतात. चौथ्या हंगामात निवडणुकीचं राजकारण इतकं वाढलं की पहिल्या हंगामातला निवांतपणा हरवला. मला तो फार आठवतो.

मग रोज 'पंचायत'च का नाही? कारण ती संपते. चार हंगामांचे मिळून बत्तीस भाग, रोज एक लावला तर महिन्यात खेळ आटोपला. म्हाताऱ्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी येणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम रोजची मालिकाच करते.

एक पाचवी गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली, सोनी लिव्हवरची 'मानवत मर्डर्स'. परभणीच्या मानवतमधल्या 1972 ते 1974 च्या हत्याकांडावरची ही मालिका आशुतोष गोवारीकर आणि सोनाली कुलकर्णी यांच्यासाठी बघण्यासारखी आहे. पण लहान मुलींच्या हत्या आहेत, आणि त्या खऱ्या घडलेल्या आहेत. नवऱ्याबरोबर, सगळे झोपल्यावर बघा.

जाता जाता, सासूबाई अजूनही 'अग्निहोत्र'चं नाव काढतात. 2008 मध्ये स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हाची ती मालिका नाशिकच्या वाड्यातल्या घराण्याची होती. आपलं गाव टीव्हीत आलं, याचंच त्यांना केवढं अप्रूप होतं.

कुठे काय बघता येतं, एवढं लक्षात असू द्या. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्या आता जिओहॉटस्टारवर एकत्र आहेत, झी मराठी झी फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. सगळी ॲप एकदम घेऊ नका. घरात केबल किंवा डिश असेल तर रोजची मालिका त्यावरच बघावी. वृद्ध माणसाला रिमोटचं एक बटण पुरतं, ॲपमधल्या चौकटी त्यांना हताश करतात. पैसे खर्चायचेच असतील तर ते जिची वाहिनी नाही अशा एकाच गोष्टीवर, म्हणजे 'पंचायत'साठी खर्चावेत.

मैत्रिणीला मी म्हटलं, पहिले आठ-दहा दिवस फक्त हास्यजत्रा. मग रोजची म्हणून 'ठरलं तर मग', कारण तुझी बँक सहाला सुटते, तू दमून येतेस आणि रोज जवळ बसणं तुला जमणार नाही, हे मला दिसतं. 'लक्ष्मी निवास' आत्ता नको, मावशी इथे रुळल्या की बघा, आणि दोघी मिळूनच. रविवारी दुपारी 'पंचायत', एका वेळी दोन भाग.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. पहिला हंगाम संपला होता. शेवटच्या भागात 26 जानेवारीच्या झेंडावंदनासाठी मंजूदेवीला राष्ट्रगीत शिकायचं असतं, ते बघून मावशींनी टीव्ही थांबवायला लावला. म्हणाल्या, मीपण एकदा पंचायतीत सदस्य होते, तुम्हाला कधी सांगितलं नाही. सही शिकले होते तेव्हा. मग वहीचा कागद मागून घेतला आणि नातवासमोर आपलं पूर्ण नाव लिहून दाखवलं.