पोलो शेवटी का नाही वाजवला राव

रविवारी संध्याकाळी पुण्यात एका छोट्या हॉलमधे व्हायोलिन आणि पियानोचा कार्यक्रम ऐकला. तिकीट ४०० रुपये, माणसं पन्नास-साठ असतील. बाकी प्रोग्राम ठीकच होता, पण मी गेलो होतो मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराच्या 'स्पॅनिश लोकगीत स्वीट'साठी (स्वीट म्हणजे एकामागून एक वाजवायच्या छोट्या तुकड्यांची माळ), त्यामुळे त्याबद्दलच लिहितो.

ही मुळात गाणी आहेत, सात लोकगीतं, वर म्हटलेला 'पोलो' त्यातलंच एक, फायाने १९१४ मधे पॅरिसला असताना गळा आणि पियानोसाठी बांधलेली. नंतर पॉल कोखान्स्की नावाच्या व्हायोलिनवाल्याने त्यातली सहा उचलून व्हायोलिनवर आणली. गाळलं कुठलं तर 'मुर्सियाची सेगिदिया' हे गाणं (मुर्सिया हा स्पेनचा एक भाग), आणि का गाळलं असेल याचा मी अंदाज बांधलाय, कारण त्या गाण्याची सगळी मजा शब्दांत आहे, चंचल माणसाला म्हणतात तू त्या नाण्यासारखा, हातोहात फिरून इतकं झिजलेलं की खोटं समजून कोणी घेतच नाही. आता हे व्हायोलिन कसं सांगणार!

पहिलं गाणंही तसंच खवट आहे. दुकानातल्या तलम कापडावर डाग पडला, आता कमी भावात जातंय, किंमत गेली ना त्याची. कापडाचं निमित्त आहे, बोलणं कुणाबद्दल आहे ते सांगायला नको, आपल्याकडच्या बायका जात्यावर बसून असंच कुणाचं नाव न घेता सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. हॉलमधे अर्थाचा एक साधा कागदही वाटला नव्हता, त्यामुळे शेजारचे काका शेवटपर्यंत 'छान फ्रेश ट्यून आहे' असंच म्हणत होते.

दुसरा तुकडा 'नाना'. नाव वाचून मला आधी आमच्या वाड्यातले धोतरवाले नाना आठवले, पण स्पॅनिशमधे नाना म्हणजे अंगाई. आणि खरं सांगतो, पैसे इथेच वसूल. व्हायोलिनवाल्या बाईंनी तारांवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा छोटा चिमटा, लावला, आवाज एकदम गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला, खाली पियानोचे सूर तालाच्या किंचित मागेपुढे पडत होते, पाळण्याला झोका देणारा हातच पेंगायला लागलाय असं वाटत होतं. अडीच मिनिटांत संपलं. मागे एसी मात्र घरघरत होता. तो बंद करा म्हणून मध्यंतरात सांगितलं तर उकडेल म्हणाले, उकडू दे की.

'अस्तुरियाना' थोडं घाईत गेलं. त्यात रडणारा माणूस पाइनच्या झाडाला टेकतो आणि त्याला बघून झाडही रडायला लागतं, अशा गाण्यात पुढची गाडी पकडायची असल्यासारखं वाजवून कसं चालेल.

आता माझी खरी तक्रार, ती वादकांवर नाहीच, कोखान्स्कीवर आहे. मूळ गाण्यांमधे शेवटी येतो 'पोलो'. पियानो गिटारसारखा तेच ते सूर ठोकत राहतो आणि वर गाणारी म्हणते जळो ते प्रेम आणि ते काय असतं हे मला कळवणाराही जळो, बास, संपलं. व्हायोलिनच्या स्वीटमधे पोलो येतो चौथा आणि शेवटी 'खोता', म्हणजे स्पेनमधल्या आरागोन भागाचा नाच. तो वाजतो भारीच, लोक पाय आपटत होते, टाळ्या दणकून पडल्या. पण त्या तळतळाटानंतर शांतता हवी ना! इथे शिव्याशाप देऊन झाल्यावर सगळ्यांना नाचायला लावून घरी पाठवलंय. कोखान्स्की मैफिलीचा माणूस, टाळ्या कुठे येतात ते त्याला बरोबर कळत असणार.

व्हायोलिन ४/५, पियानो साडेचार, कारण पोलोमधे त्या माणसाची बोटं दिसतच नव्हती, हॉल दोन. कुठे हे परत लागलं तर नक्की जा, फक्त जायच्या आधी एकदा गायलेलं ऐका आणि अर्थ वाचून ठेवा. मी घरी येऊन सातही गाणी बाईच्या आवाजात लावली, पोलोनंतर फोन बंद करून टाकला.