जुन्या लॅपटॉपची वाय-फाय रेंज आणि इंटेल एएक्स२१० कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. लॅपटॉपमध्ये मुळातलं वाय-फाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यावर चालणारं, एकाच अँटेनाचं असेल तर त्याजागी इंटेलचं एएक्स२१० हे कार्ड बसवल्यावर फरक पहिल्या दिवशीच कळतो आणि पुढे काही महिने टिकूनही राहतो. मात्र रेंज घराच्या भिंतींमुळे, राउटरच्या जागेमुळे किंवा बिजागरीत तुटलेल्या अँटेनाच्या वायरमुळे पडत असेल, तर या कार्डाचे दोन हजारांच्या आगेमागे जाणारे पैसे वाया जातात. म्हणून कार्ड चांगलं की वाईट यापेक्षा ते आपल्या दुखण्यावरचं औषध आहे का, हे आधी ठरवायला हवं.

हे कार्ड बसवलेला लॅपटॉप २०१७-१८ च्या सुमारास सर्रास मिळणारा, १५ इंची, साध्या किमतीचा. त्यातलं मूळ कार्ड रियलटेकच्या आरटीएल८७२३ मालिकेतलं: ८०२.११एन (वाय-फायची जुनी पिढी), एक अँटेना, ५ गिगाहर्ट्झ नाही. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर अशा कार्डाची कमाल लिंक, म्हणजे राउटरशी ठरणारा वेग, ७२ एमबीपीएस, आणि त्यातले हाती लागतात साधारण निम्मे. फायबरचं १०० किंवा २०० चं कनेक्शन घेऊनही लॅपटॉपवर पस्तीस-चाळीसच का दिसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. कस्टमर केअरला कितीही फोन केले तरी ते तिकडून सुटणारं नाही.

खरेदीआधी अर्धा तास तपासणीला द्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून netsh wlan show interfaces हे चार शब्द, मध्ये स्पेस देऊन टाइप करा. रेडिओ टाइप, चॅनल, रिसीव्ह रेट आणि सिग्नलची टक्केवारी समोर येते. टक्केवारी निम्मी करून त्यातून १०० वजा केले की अंदाजे डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) मिळतात: ६० टक्के म्हणजे उणे ७०. ८० टक्क्यांच्या वर सगळं ठीक, साठच्या आसपास काम भागतं, पन्नासच्या खाली व्हिडिओ कॉल अडखळायला लागतात. याच कमांडमध्ये शेवटचा शब्द बदलून drivers केला की कार्ड कोणकोणते रेडिओ प्रकार पेलतं ते दिसतं. तिथे ८०२.११ए किंवा एसी दिसत नसेल तर कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येत नाही, वाद संपला.

मग राउटरलाच पिंग करून बघा, म्हणजे त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे राउटरचा पत्ता टाइप करून उत्तर किती वेळात येतं ते पाहा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असतो, शेवटी हायफन आणि टी लावला की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटरचं उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत नियमित येतंय आणि तरीही वेबसाइट अडकतायत, तर दोष वाय-फायचा नाही, बाहेरच्या लाइनचा. राउटरचंच उत्तर मध्येच दोनशे-तीनशे मिलिसेकंदांवर उडत असेल किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट येत असेल, तर मात्र लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये काहीतरी बिघडलंय. ही चाचणी राउटरपासून दोन मीटरवर आणि नेहमीच्या बसायच्या जागी, दोन्हीकडे करायची. जवळ उत्तम आणि लांब वाईट हे बऱ्यापैकी स्वाभाविक आहे. जवळही वाईट असेल तर कार्ड, ड्रायव्हर किंवा अँटेना.

या पायरीवर यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा हब काढून ठेवा. यूएसबी ३.० च्या डेटामधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो; इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. स्वस्त, कमी शिल्डिंगची केबल अँटेनाजवळ असेल तर वायरलेस माउससुद्धा अडखळतो. डिस्क काढल्यावर रेंज सुधारली, तर नवीन कार्ड विसरा आणि जरा लांब, चांगली केबल घ्या.

आता खरेदी. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एएक्स२१० आणि एएक्स२११ मध्ये. दिसायला जवळपास सारखी, पण एएक्स२११ आणि एएक्स२०१ ही इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालणारी कार्डं आहेत. वाय-फायचा अर्धा भाग प्रोसेसरच्या बाजूला असतो. एएमडीवर किंवा जुन्या इंटेलवर ती ओळखलीच जात नाहीत. एएक्स२१० स्वतंत्र आहे, पीसीआयई या सर्वसाधारण जोडणीवर चालतं, एएमडीलाही चालतं. लॅपटॉपमध्ये कंपनीने आधीच एएक्स२०१ दिलं असेल तर बदलायची गरज नाही, तेही वाय-फाय ६ चंच कार्ड आहे.

दुसरी अडचण खाचेची. एएक्स२१० ला एम.२ ची २२३० आकाराची, ए किंवा ई की (खाचेतल्या कापाचा प्रकार) असलेली खाच लागते. २०१३-१४ च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपांत हाफ मिनी पीसीआयई ही जुनी खाच असते. तिथे हे कार्ड थेट बसत नाही, आणि अँटेनाच्या वायरींची टोकंही मोठी असतात, एम.२ कार्डावरच्या एमएचएफ४ पिनांवर ती चढत नाहीत. तिसरी गोष्ट बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, यादी: जुन्या काही लेनोवो आणि एचपी मॉडेलांत कंपनीने मान्य केलेलीच कार्डं चालतात. लेनोवोवर १८०२, एचपीवर १०४ क्रमांकाचा एरर येऊन लॅपटॉप सुरूच होत नाही. आपल्या मॉडेलवर कुणी हे कार्ड बसवलंय का, एवढं विचारून घेणं परतीच्या पार्सलपेक्षा स्वस्त पडतं.

बसवण्याआधी इंटेलच्या साइटवरून वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्हींचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या, कारण कार्ड बदलल्यावर नेट नसतं. लॅपटॉप शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचं अर्धवट झोपणं टळतं. चार्जर काढा. पीएच०० चा स्क्रूड्रायव्हर आणि प्लास्टिकची पातळ पट्टी पुरते. मागचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, बाकी सगळं नंतर. कार्डाचा स्क्रू बहुधा एम२ बाय ३ मिलिमीटरचा असतो. तो हरवला तर कार्ड खाचेतून वर उचललं जातं आणि कधी लागतं, कधी नाही.

कस लागतो तो अँटेनाच्या वायरींवर. काढताना वायर ओढायची नाही, टोकाच्या धातूच्या टोपीखाली पट्टी घालून सरळ वर उचलायची. लावताना टोपी पिनावर बरोबर मध्ये आणून नखाने सरळ दाबायची. बारीक टक् ऐकू येतो. तिरपी दाबली तर मधली पिन वाकते आणि कार्ड गेलं. हे कनेक्टर वारंवार काढघाल करण्यासाठी बनलेलेच नाहीत, तीसेक वेळांत ढिले पडतात. काळी वायर बहुतेकदा मेन, पांढरी ऑक्स. कार्डावर भरीव आणि पोकळ त्रिकोणाची खूण असते. अदलाबदल झाली तरी रेंजमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही अँटेना कामाला येतात. एकच वायर असलेल्या लॅपटॉपात ती मेनवर लावा. कार्ड चालतं, पण अर्ध्या ताकदीवर. दुसरी अँटेना स्क्रीनच्या चौकटीत ओढायची तयारी असेल तरच पूर्ण फायदा.

नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. व्हेन (VEN) ८०८६, डेव्ह (DEV) २७२५ असेल तर ते एएक्स२१०. २७२३ दिसलं तर विक्रेत्याने एएक्स२०० गळ्यात मारलंय. वाईट नाही, पण पैसे कमी द्यायला हवे होते.

बसवल्यावर लोक पहिली तक्रार करतात ती अशी, की काड्या कमी झाल्या. बरोबर आहे, होणारच. लॅपटॉप आता ५ गिगाहर्ट्झवर गेलाय आणि तिथे मोकळ्या हवेतच सिग्नल सातेक डेसिबलने जास्त पडतो, भिंतीत आणखी. पण ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि दोन अँटेना मिळाल्यावर वाय-फाय ५ च्या राउटरशी लिंक ८६६ ला लागते, वाय-फाय ६ शी १२०१ ला. तीन काड्यांवरचं हे ५ गिगाहर्ट्झ जुन्या पाच काड्यांना सहज मागे टाकतं. आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतीआड मात्र ते दम तोडतं. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रगत सेटिंगमधला प्रिफर्ड बँड २.४ करा, नाहीतर राउटर लोखंडी कपाटावरून उतरवून मधल्या खोलीत उंचावर आणा. दुसरा उपाय फुकट आहे आणि कितीतरी जास्त परिणामकारक.

राउटरवर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल ठेवा. ऑटोवर तो १३ ला गेला की काही लॅपटॉपना नेटवर्क दिसत नाही आणि माणूस उगाच कार्डाला दोष देतो. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे घ्या. मधल्या ५२ ते १४४ वर रडारसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे चालू कॉलमध्ये चॅनल बदलू शकतो. लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढा.

काही महिन्यांत खुपलेल्या गोष्टी दोन. झोपेतून उठल्यावर ब्लूटूथ अधूनमधून गायब होतं. रिस्टार्टने येतं, नाहीतर पूर्ण शट डाउन करून चार्जर काढायचा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर हा त्रास बराच कमी झाला. दुसरी गोष्ट, विंडोज अपडेट कधीकधी ड्रायव्हर स्वतःच बदलतं. म्हणून चांगला चाललेला ड्रायव्हर जपून ठेवावा, रोल बॅक करता येतो. बॅटरीवर जाणवण्यासारखा फरक नाही. हे कार्ड वाय-फाय ६ई चं, म्हणजे ६ गिगाहर्ट्झवरही चालणारं आहे, पण त्यासाठी विंडोज ११ आणि तसा राउटर दोन्ही लागतात, त्यामुळे केवळ त्या नावावर भाळून हे कार्ड घेऊ नये. विंडोज ७ असेल तर विषयच नाही, ड्रायव्हर निघालेलाच नाही.

लिनक्सवर कर्नल ५.१० पासून कार्ड आपोआप ओळखलं जातं, फक्त फर्मवेअरचं पॅकेज नवीन हवं. नेटवर्क मॅनेजरमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हला (wifi.powersave) २ दिलं की पॉवर सेव्हिंग बंद होतं आणि पिंगमधले झटके जातात. लॅपटॉपवरून ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट चालवायचा असेल तर मात्र हे कार्ड घेऊ नका. देशानुसार नियम ठरवणारी इंटेलची व्यवस्था लिनक्सवर तो सुरूच होऊ देत नाही.

राउटरजवळ झकास आणि शेजारच्या खोलीत एकदम शून्य, किंवा स्क्रीन मागेपुढे केल्यावर रेंज बदलते, अशी लक्षणं असतील तर झाकण उघडून आधी अँटेनाच्या टोप्या बघा. त्या घट्ट असतील तर वायर बिजागरीत कातरली गेलेली असणार. बिजागरीचं प्लास्टिक तुटलेल्या लॅपटॉपांत हे नेहमीचंच. तिथे कुठलंही कार्ड घाला, उपयोग नाही; अँटेनाची जोडी बदलायला पूर्ण स्क्रीन उघडावी लागते. एवढं करायचं नसेल तर दोन्ही बँडचा, बाहेर अँटेना असलेला यूएसबी डोंगल घ्या, आणि तो थेट पोर्टमध्ये न खोचता एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर, स्क्रीनच्या वरच्या उंचीला ठेवा.