हाकोनेची दहा चालींची पेटी: पावसाळा काढल्यानंतर

जपानमधल्या हाकोनेची लाकडी कोडं-पेटी; पट्ट्या ठरावीक क्रमाने सरकवत 10 चालींत उघडते. माप 5 सून (जपानी माप, साधारण 15 सेंमी), वर योसेगी नक्षी, म्हणजे वेगवेगळ्या रंगांची लाकडं जोडून केलेली. माप-बीप झालं, आता थेट मुद्दा: गोव्याच्या पावसात हिची डावी पट्टी अडकते. मृगानंतर जड व्हायला लागते आणि श्रावणात जी बसते ती चवथ आली तरी ढिम्म. विक्रेत्याचं उत्तर, 'लाकूड नैसर्गिक आहे, वॉरंटीत बसत नाही.' कस्टम आणि कुरियरचे एवढे पैसे मोजल्यावर हे ऐकून घ्यायचं!

कारण सरळ आहे. हवेत 60 टक्के आर्द्रता असली की लाकूड साधारण 11 टक्के ओलावा धरतं, 80 ला तेच 16. लाकडाच्या रेषांच्या लांबीत फरक पडत नाही, आडवं मात्र फुगतं. 8 सेंमी रुंद पट्टी पुरती ओलावली तर पाऊण-एक मिलिमीटर. ही एकच पट्टी का अडते? तिच्या नक्षीखालच्या लाकडाच्या रेषा खाचेला समांतर आहेत, म्हणून ती दोन्ही खाचांत रुतते. बाकीच्यांच्या रेषा या खाचेतून त्या खाचेकडे जातात, त्या फुगल्या तरी सरकतात. चाल अर्धी असताना उघड्या कडेकडे पाहा, दिसेल.

जूनमध्ये हिला पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरलं होतं. आता चार. कारण खाच सैल ठेवली असती तर जानेवारीत पट्टी नुसती पेटी कलती केल्यावर घसरली असती. मग कोडं कसलं? हिची सगळी मजा त्या घट्टपणात आहे. सांधे नक्षीच्या रेषांत लपलेले, रंग लावलेला नाही, वेगवेगळ्या लाकडांचे मूळ रंग. डोळ्यांना काहीच सापडत नाही. अंगठ्याला दोन मिलिमीटरची हालचाल जाणवते आणि तिथून पुढची चाल मोकळी होते. बंद करताना क्रम उलटा. एक चाल चुकली की झाकण बसत नाही. मोबाईलवरच्या कोड्यात हे नाही.

अडकली तर ठोकू नका. तेल तर नकोच, नक्षीवर कायमचा डाग पडतो. ऊन आणि हेअर ड्रायरनेही एकच बाजू वाळते आणि नक्षीचा पापुद्रा सुटतो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात पेटी, 100 ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक; काटा 50-55 वर आला की आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. पट्टी हलली की तिच्या कडेला मेणबत्तीचा तुकडा हलकेच घासा, जास्तीचं मेण फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मात्र मारू नका, तासलेलं लाकूड उन्हाळ्यात परत येत नाही. (मेस्ताला, म्हणजे सुताराला दाखवलीत तर तो पहिला तोच काढेल.)

घ्यायचीच असेल तर भर जुलैत मागवा आणि डब्याबाहेर ठेवा. अडायची असेल तर परत करायच्या मुदतीतच अडेल.