गॅल्व्हेस्टनहून क्रूझ घेताना: पॅकेज, बाटली आणि केबिनमधली आई

ह्यूस्टनकडच्या मराठी माणसाला क्रूझसाठी विमान लागत नाही. गाडी काढली, आय-४५ महामार्ग धरला की गॅल्व्हेस्टन, टेक्सासच्या किनाऱ्यावरचं बंदर. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, प्रिन्सेस आणि आता एमएससी, सगळ्यांची जहाजं तिथून सुटतात. डिस्नेचं जहाज ठरावीक हंगामात येतं. जाणार कुठे, तर फिरून फिरून कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान, ही मेक्सिको-होंडुरासकडची बंदरं. त्यामुळे कुठे जायचं यावर घरात वाद होत नाही, कुणाच्या जहाजाने जायचं यावर होतो. घसरगुंड्या, शो आणि बफेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त दारूच्या नियमांपुरतं लिहितो, कारण आमचं बुकिंग तिथेच अडलं होतं.

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी संध्याकाळी एखाद-दुसरी बिअर, जेवताना वाइन, एवढ्यावर थांबणारा. बायको सणासुदीला ग्लास हातात धरते आणि अर्ध्याच्या वर माझ्याकडे सरकवते. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली; चहा सोडला तर तिला कसलंही व्यसन नाही. मुलगी शाळेत. चौघांनी एकाच केबिनमध्ये राहायचं ठरलं होतं, आईला वेगळ्या खोलीत एकटीला झोपवायचं नव्हतं म्हणून. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल आणि एमएससी या तिघांचा नियम जवळपास एकच आहे. केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज (दिवसाचा ठरावीक दर भरायचा आणि हवं तेवढं प्यायचं) घेतलं की त्या केबिनमधल्या, दारूच्या वयात बसणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यायचं. गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या जहाजावर ते वय २१. कारण उघड आहे. अमर्याद थाळी एकाने मागवायची आणि दोघांनी जेवायचं, हे आपल्याकडच्या हॉटेलवाल्यालाही चालत नाही. कंपनीची भीती मला पटते. पण थाळीवाला निदान शेजारी नुसता चहा पीत बसलेल्या आजीला थाळीचं बिल लावत नाही.

यातल्याच एका कंपनीला मी फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलणारी. मी म्हटलं, आई पंचाहत्तरीच्या पुढची आहे, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तिला वगळा. ती म्हणाली, आजारपण वगैरे काही कारण असेल तर विचार करता येईल. आता आईला मधुमेह नाही, यकृताचा त्रास नाही, कुठली गोळी चालू नाही. ती पीत नाही, कारण ती पीत नाही. याला फॉर्मवर रकाना नव्हता. ओळखीतल्या काहींनी फोनवर चिकाटी धरून घरच्या माणसासाठी नुसतं कॉफी-सरबताचं स्वस्त पॅकेज पदरात पाडून घेतलंय, पण ते समोर फोन कोण उचलतं त्यावर असावं.

आई शेजारीच बसली होती. "म्हणजे माझ्या नावावर दारू लिहिणार?" एवढंच तिने विचारलं. "नको रे बाबा, मी घरी राहते. मुलीला घेऊन तुम्ही जा."

खरं सांगायचं तर पैशांपेक्षा हे जास्त लागलं. तरी पैशांचाही हिशोब करून पाहा. रॉयलच्या पॅकेजचा दर जहाज आणि तारखेनुसार हलतो, आधी घेतलं तर सवलत मिळते, जहाजावर चढून घेतलं तर महाग पडतं. दिवसाला ८० डॉलर धरू. त्यावर १८ टक्के टिप, म्हणजे माणशी ९४ डॉलर ४० सेंट. आम्ही तिघं प्रौढ, म्हणजे रोज २८३ आणि सात रात्रींचे सुमारे १,९८२ डॉलर. कॉकटेल १४ डॉलरचं धरलं तर टिपेसकट साडेसोळा. हे पैसे वसूल करायचे तर पिणारा मी एकटा, मला रोज सतरा कॉकटेलं लागतील. कार्निव्हलवर तर चोवीस तासांत पंधरा झाली की सोळावं देतच नाहीत. पॅकेजमध्ये कॉफी, बाटलीबंद पाणी, ताजा रस हेही येतं, त्याचे पैसे वजा करा. तरी आकडा एकट्या माणसाच्या आवाक्यात येत नाही.

काही हुशार मंडळी कागदावर पिणारे एका केबिनमध्ये आणि न पिणारे दुसऱ्या केबिनमध्ये दाखवतात, चढल्यावर किल्ल्या बदलतात. दोन केबिन घेणाऱ्यांना हे जमतं. आम्हाला एकच हवी होती.

याच कंपन्यांच्या नियमांची दुसरी बाजू मात्र गमतीची आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. रॉयल आणि कार्निव्हल दोघंही चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची एक वाइनची बाटली सोबत आणू देतात. प्रत्येक प्रौढाला, पिणाऱ्याला नव्हे. म्हणजे ज्या आईमुळे पॅकेज परवडत नाही, त्याच आईच्या वाट्याची एक बाटली तुम्हाला मिळते. खोलीत उघडली तर शुल्क नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपलीच बाटली उघडण्याचं शुल्क. आमच्यासारख्या तिघांना तीन बाटल्या. सात रात्रींत मला त्या पुरून उरतात. वर रोज दोन बिअर सुट्या घेतल्या तरी आठवड्याचं बिल दीडशे डॉलरच्या आसपास थांबतं. थोडक्यात, थोडं पिणाऱ्याने या जहाजांवर जरूर जावं, पण पॅकेजच्या बटणाला हात लावू नये. अडचण एवढीच की ते बटण बुकिंगपासून चढण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ईमेलमधून तुमच्या मागे लागतं, आणि तुमचा मेव्हणा "घेऊन टाक रे, सुट्टी आहे" म्हणत असतो.

एमएससी त्या मानाने कडक. बाहेरची बाटली आणूच देत नाहीत, वाइनचीही नाही. जहाजं देखणी आहेत, भाडंही बरेचदा कमी दिसतं. दारूपुरतं विचाराल तर मी तिथे थांबलो नाही.

नॉर्वेजियनचा प्रकार वेगळा. तिथे पॅकेज तिकिटाबरोबरच येतं. योजनेचं नाव अधूनमधून बदलतं, गाभा तोच. खोलीतल्या पहिल्या दोघांना दारू "फुकट", मात्र त्या फुकटावर २० टक्के सेवाशुल्क आधीच भरायचं. आम्ही पाहिलं तेव्हा ते माणशी दिवसाला बावीस डॉलरच्या आसपास पडत होतं, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे तीनशेच्या थोडे वर. तिसरा माणूस या योजनेत धरलाच जात नाही, त्यामुळे आईचं नाव दारूच्या यादीत जात नाही. नवरा-बायको दोघंही घेणारे असतील तर याच्याइतका सरळ हिशोब दुसरीकडे नाही. ठरावीक किमतीपर्यंतचा ग्लास, रोज सही करणं नाही, शेवटच्या रात्री बिल बघून दचकणं नाही. बाटलीबंद पाणी आणि स्टारबक्सची कॉफी मात्र साध्या पॅकेजमध्ये नसते. सोबतची वाइन कितीही न्या, पण दर बाटलीला १५ डॉलर चढतानाच कापतात, पुढे ती खोलीत प्या नाहीतर हॉलमध्ये. म्हणजे स्पेक्स या दारूच्या दुकानातून घेतलेली बारा डॉलरची बाटली सत्तावीसला पडली. ज्यांची मुलं १८ ते २० च्या दरम्यान आहेत त्यांच्यासाठी आणखी एक: आई-वडिलांनी लेखी संमती दिली तर बहुतेक सफरींवर, आंतरराष्ट्रीय पाण्यात, त्यांना बिअर आणि वाइन मिळू शकते. घरात यावर एकमत करून मगच काउंटरवर जा.

माझी अडचण एवढीच होती की अर्धा ग्लास पिणाऱ्या बायकोचेही दीडशे डॉलर त्यात जात होते. सतराशे वाचवणाऱ्याने दीडशेवर कुरकुर करू नये हे मान्य. तरी मी केली.

आता डिस्ने. पहिल्यांदा तिकिटाचा आकडा पाहिला आणि ब्राउझरचं पान बंद केलं. मग वरचे सगळे हिशोब झाल्यावर पुन्हा उघडलं. डिस्नेवर अमर्याद दारूचं पॅकेजच नाही. हवा तो पेला, त्याचे पैसे. आणि २१ वर्षांच्या वरच्या प्रत्येकाने सुरुवातीला वाइनच्या दोन बाटल्या किंवा सहा बिअर आणाव्यात, शिवाय वाटेतल्या प्रत्येक बंदरावर पुन्हा तेवढंच आणावं. पूर्वी तिथे हार्ड लिकरसुद्धा चालायची, २०१५ पासून बंद झाली. व्हिस्कीवाल्यांना ते अजून खुपतं. आमच्या तिघांच्या मिळून सहा बाटल्या चढताना, आणि कोझुमेलला उतरलो की नव्याने हक्क. इतर जहाजांवर बंदरात घेतलेली बाटली सहसा चढताना काढून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात. इथे वाइन-बिअर थेट खोलीत येते. बाल्कनीत बसून प्यायची; बारमध्ये, लाउंजमध्ये न्यायची नाही. जेवायला नेली तर कॉर्केज आहे, आणि ते रॉयल-कार्निव्हलपेक्षा जास्त आहे. मुलीचं कोक-स्प्राइट जेवताना आणि डेकवरच्या मशीनवर फुकट, जे बाकीच्यांकडे बरेचदा वेगळ्या पॅकेजात असतं.

तिकिटांतला फरक पॅकेजच्या दोन हजारांनी पूर्ण भरून निघतो असं मी म्हणणार नाही. आमच्या तारखांना थोडा उरलाच. पण पॅकेज घ्यायच्या तयारीने रॉयल आणि डिस्ने शेजारी मांडाल, तर डिस्ने वाटते तितकी महाग राहत नाही. आणि पॅकेज न घेण्याच्या तयारीने मांडाल, तर रॉयल स्वस्तच आहे. लोक तुलना करताना एका बाजूला नुसतं भाडं धरतात आणि दुसऱ्या बाजूला सगळा खर्च, तिथे गडबड होते. आमच्यापुरतं सांगायचं तर आम्ही डिस्नेच घेतलं, आईचं नाव कुठेही लिहावं लागलं नाही, आणि बंदरावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत तिच्या पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्यांशेजारी माझी शिराझ वाइन होती. "ही तुझी आहे ना? मग तू धर," असं ती तिथल्या माणसासमोर दोनदा म्हणाली. त्याला मराठी येत नसावं.

डिस्नेचा हंगाम जुळला नाही तर? मी पुन्हा रॉयल किंवा कार्निव्हलच घेईन, पॅकेजशिवाय. प्रिन्सेसचाही विचार करा. तिथे प्रत्येक प्रौढाला एक बाटली आणता येते आणि ती खोलीत प्यायली तर कॉर्केज नाही, शिवाय आईच्या वयाची मंडळी तिथे रमतात.

चोरून नेण्याबद्दल चार शब्द, कारण प्रत्येक गटात एक तज्ज्ञ असतो. माउथवॉशच्या बाटलीत जिन, स्प्राइटच्या बाटलीत व्होडका हे सगळं त्यांनी आपल्या आधी पाहिलेलं आहे. कार्निव्हलने २०१५ मध्ये पाण्या-सोड्याच्या बाटल्याच बंद केल्या आणि फक्त डबे ठेवले, ते यामुळेच. एका जहाजावर आमच्या ओळखीच्या गृहस्थांची बॅग खोलीपर्यंत आलीच नाही. तिला सोडवायला त्यांना खालच्या डेकवर त्या कुप्रसिद्ध 'नॉटी रूम'मध्ये जाऊन, रांगेत उभं राहून, सगळ्यांसमोर ती उघडावी लागली. बायको सोबत होती. परवानगीची वाइनसुद्धा हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकू नका.

टेक्सासचं स्वतःचं एक शेपूट आहेच. जहाज राज्याच्या पाण्यात असेपर्यंत पेल्यावर राज्याचा विक्रीकर लागतो, म्हणून पहिल्या संध्याकाळचं बिल थोडं वेगळं दिसतं. परत येताना कोझुमेलची टकीला आणाल तर कस्टमच्या सवलतीत बसली तरी गॅल्व्हेस्टनच्या टर्मिनलवर राज्याच्या अल्कोहोल आयोगाची माणसं दर बाटलीमागे कर घेतात. रक्कम किरकोळ असते, पण सामान ओढत असताना पुन्हा पाकीट काढावं लागतं.

नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीच्या पानावर स्वतः वाचा. एजंटला विचारायचंच असेल तर "माझ्या केबिनमधल्या प्रत्येकाला घ्यावं लागेल का" हाच प्रश्न विचारा. आणि तुमचा गट चार साडू, चार केबिन, सगळे पिणारे, म्हातारी माणसं घरी असा असेल, तर माझं वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. रॉयलचं पॅकेज सवलतीत असेल त्या आठवड्यात घ्या आणि खुशाल जा.